आर्विडच्या वाटचं भांडण

मार्च संपत आला की आमच्या ट्रेलर पार्कात, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या वस्तीत, एकच करमणूक उरते, निघणाऱ्यांची जुळणी बघण्याची. न्याहारी आटोपली की आम्ही म्हातारे आपापल्या घडीच्या खुर्च्या काखेत मारतो, कॉफीचे मग घेतो आणि ज्याचा निघायचा दिवस असेल त्याच्या जागेसमोर जाऊन ओळीने बसतो. तो बिचारा पिकअप मागे घेतो, ट्रेलर जोडतो, घामाघूम होतो. आम्ही तोंडातून अक्षर काढत नाही. जुळणी करणाऱ्याशी बोलायचं नाही हा इथला नियम आहे, कारण बोलण्याच्या नादात माणूस एखादी गोष्ट विसरतो आणि मग हमरस्त्यावर पिकअप एकीकडे आणि घर दुसरीकडे जातं. म्हणून आम्ही नुसते बघतो. तो निघून गेला की मात्र आठवडाभर त्याची मनसोक्त निंदा करतो.

या नियमाला अपवाद एकाच जोडप्याचा होता. आर्विड आणि इर्मा लुंडक्विस्ट, राहणार मिनेसोटा. दर ऑक्टोबरात बर्फाच्या धाकाने ते आमच्यासारखेच टेक्सासच्या या दक्षिण टोकाला यायचे आणि मार्चअखेर परत जायचे. येताना ट्रेलर सोडायला आणि जाताना जोडायला त्यांना जेवढा वेळ लागे, तेवढा वेळ ते भांडायचे. साधंसुधं नाही, चांगलं दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जाईल असं. ती मागे उभी राहून प्रश्न फेकायची, हा वाकून काम करता करता उलट उत्तरं द्यायचा. आर्विडची जुळणी असली की पुढच्या रांगेत बसायला मिळावं म्हणून शेजारची डेलोरेस आदल्या संध्याकाळीच खुर्ची मांडून ठेवायची. अकरा वर्षं आम्ही ते भांडण ऐकलं. मी आयोवात जन्मभर लोकांची डोकी भादरली, न्हाव्याच्या दुकानात तऱ्हेतऱ्हेची भांडणं ऐकली, पण त्या दोघांची सर कुणालाच नव्हती.

जानेवारीत आर्विड गेला. दुपारी जेवला, आडवा झाला आणि उठलाच नाही. त्याने आधीच बजावून ठेवलं होतं, की मला घरी नेऊन त्या बर्फात पुरू नका, सगळं आयुष्य कुडकुडत काढलंय. म्हणून त्याला इथंच, गावाबाहेरच्या दफनभूमीत, ताडाच्या झाडांखाली ठेवला. इर्मा रोज सकाळी खुर्ची घेऊन तिकडे जायची. तिथं एवढा वेळ काय करतेस, असं माझ्या बायकोनं, फर्ननं, एकदा विचारलं.

"बडबडते," इर्मा म्हणाली. "तो उलट उत्तर देत नाही, एवढाच त्रास आहे."

मार्चमध्ये तिचा मुलगा लायल विमानानं आला. धान्याच्या मोठ्या कोठारात तो सुरक्षेचा साहेब आहे. कुणी टोपी घातली नाही, कुणी शिडी नीट लावली नाही, हे बघण्याचा त्याला पगार मिळतो. माणूस वाईट नाही, पण त्याच्याजवळ नुसतं उभं राहिलं तरी आपल्या बुटाची नाडी सुटलीय की काय असं वाटायला लागतं. आल्या आल्या त्यानं गावातल्या दुकानातून एक लाल पाटी आणली. तिच्यावर लिहिलं होतं, 'विकणे आहे'.

"ट्रेलर इथंच विकू," तो म्हणाला. "पिकअप मी चालवत नेतो. पुढच्या हिवाळ्यात तुला यायचं असेल तर विमानानं ये, हॉटेलात चार दिवस राहा."

"चार दिवस?" इर्मा म्हणाली. "तुझ्या बापाला मी सहा महिने इथं एकटा ठेवणार आणि मग चार दिवस भेटायला येणार? तो काय तुरुंगात आहे?"

"आई, तू एकोणऐंशीची आहेस."

"गाडी अर्धा रस्ता मीच चालवायची. विचार कुणालाही."

"चालवण्याबद्दल मी बोलतच नाही. जोडण्याबद्दल बोलतोय."

आणि इथं त्याचं चुकत नव्हतं, हे मला कबूल करायला हवं. ट्रेलरचं सगळं तोंड पिकअपच्या शेपटीवर दाबून बसतं. शेपूट खाली गेली की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. म्हणून दोन्ही बाजूंना दोन पोलादी दांडे अडकवायचे, त्यांच्या साखळ्या पाइपाने ताणून ट्रेलरच्या आकड्यांवर चढवायच्या, म्हणजे ओझं सगळ्या चाकांवर सारखं बसतं. या ताणलेल्या दांड्यांत एवढा जोर असतो, की चुकीच्या वेळी आकडा सोडला तर हातातला पाइप उलटा उडून जबडा फोडतो. आमच्यातल्या वॉलीच्या मेव्हण्याचे पुढचे दात तसेच गेले, आणि तो अजून त्याचा दोष हवामानाला देतो.

शेवटी मायलेकांचं असं ठरलं: शुक्रवारी सकाळी इर्मानं एकटीनं ट्रेलर जोडायचा. कुणी हात लावायचा नाही, कुणी काही सांगायचं नाही. सगळं बिनचूक झालं तर ट्रेलर तिच्याकडे राहील. एक गोष्ट जरी चुकली तरी लाल पाटी लागेल.

बुधवारी लायल गावात गेला असताना तिनं तालीम केली. बघायला मी आणि फर्न. जोडताना ती दोनदा अडली, पण कसंबसं जमलं. सोडताना मात्र घात झाला. सोडताना आधी जॅकने ट्रेलरचं तोंड पिकअपच्या शेपटीसकट चांगलं वर उचलावं लागतं, म्हणजे दांडे सैल पडतात आणि आकडा आपसूक खाली येतो. इर्मा तिथं उभी राहिली. "वर घेतलंस का?" असं म्हणाली. थोडा वेळ थांबली. आणि मग जॅकला हातही न लावता तिनं आकड्यात पाइप घातला आणि ओढला.

पाइप तिच्या कानाजवळून सणसणत गेला आणि डेलोरेसच्या पपनसाच्या झाडात जाऊन अडकला. दोन पपनसं धपाधप खाली पडली. डेलोरेस बाहेर आली, तिनं दोन्ही फळं उचलली, वर लटकलेला पाइप बघितला आणि म्हणाली, "एरवी मी काठीनं पाडते."

आम्ही हसलो, पण इर्मा हसली नाही. ती ट्रेलरच्या पायरीवर बसली. तो पाइप चार बोटं अलीकडून गेला असता तर शुक्रवार उजाडलाच नसता.

"मला सगळं येतं रे, मर्ल," ती म्हणाली. "सत्तेचाळीस वर्षं मीच तर विचारत आले. पण तो मेला उत्तरच देत नाही. उत्तर आलं नाही की मला पुढचं सुचतच नाही."

"लायलनं जुळणीच्या पायऱ्यांचा छापील कागद दिलाय ना?" फर्न म्हणाली.

"त्याच्यावर मी काल मासा साफ केला."

मग ती उठली, परत जॅकपाशी गेली आणि स्वतःशीच पुटपुटली, "वर घेतलंस का?"

मी खुर्चीत बसलो होतो. तोंडात बिस्किट होतं. मी काही ठरवलं नव्हतं, देवाशपथ. अकरा वर्षं तेच ऐकत आलो होतो, म्हणून आपोआप तोंडातून निघालं, तेही आर्विडच्याच रडक्या सुरात: "घेतलंय की! आणखी वर घेतलं तर चंद्रावर जाऊन बसेल!"

इर्मा गर्रकन वळली. "बसू दे चंद्रावर! दांडा हातानं हलतोय का ते बघ आधी, आळशा!" आणि बोलता बोलता तिनंच जॅक फिरवायला घेतला. पिकअपची शेपूट वर वर आली. तिनं दांडा हातानं हलवून पाहिला, तो खडखडला. "आणि तोंड बाजूला घे!" ती ओरडली, स्वतः बाजूला झाली आणि आकडा बोटानं ढकलावा इतक्या सहज खाली आला.

मी फर्नकडे बघितलं. फर्ननं माझ्या नडगीवर लाथ मारली. तिच्या भाषेत याचा अर्थ, गप्प बस, आपण घरी बोलू.

घरी ती म्हणाली, "तिला यातलं काही सांगायचं नाही. ठरवून भांडलं की त्यात जोर राहत नाही."

"पण लायलनं बजावलंय, कुणी काही सांगायचं नाही म्हणून."

"सांगायचं नाही असं म्हणालाय. भांडायचं नाही असं कुठं म्हणालाय?"

अशी बायको मिळायला नशीब लागतं.

गुरुवारी दुपारी पत्त्यांच्या खोलीत आम्ही आर्विडचं सगळं भांडण गोळा करायला बसलो. इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती. प्रत्येकाला एकेक तुकडा पाठ होता. सासूच्या नाकाचं डेलोरेसला आठवत होतं. पिनेचं वॉलीला. कुणाला काय आठवतंय यावरून आमच्यातच दोन भांडणं झाली. सत्तरी-ऐंशीतली दहा-बारा माणसं टेबलाभोवती बसून एकमेकांना "तुझ्या आईचं नाक" असं म्हणून दाखवत होती, आणि दार उघडून आत आलेला टपालवाला टपाल तसंच हातात धरून परत गेला.

सगळं जमलं, शेवटचं सोडून. सगळी जुळणी झाली की आर्विड आणि इर्मा पिकअपमध्ये चढायचे, काचा वर करायचे आणि आत काहीतरी बोलायचे. ओठ हलताना दिसायचे. मग इर्मा खेकसायची, आर्विड हसत हसत खाली उतरायचा आणि ट्रेलरच्या चाकांखालचे लाकडी ठोकळे काढून आणायचा. त्यानंतर गाडी निघायची. आत ते काय बोलत, ते आमच्यापैकी कुणीच कधी ऐकलं नव्हतं.

"ठोकळे काढ म्हणत असेल, आणखी काय?" वॉली म्हणाला.

"आणि तेवढं कोण विसरतंय?" मी म्हणालो. "डोळ्यासमोर तर असतात."

शुक्रवारी सगळं पार्क हजर होतं. पुढच्या रांगेत मी, फर्न, डेलोरेस आणि वॉली. लायल छातीवर हात बांधून ट्रेलरच्या शेजारी उभा होता. लाल पाटी पिकअपच्या मागच्या सीटवर, काचेतून दिसेल अशी ठेवलेली.

"नियम सगळ्यांना माहीत आहेत," तो आम्हाला म्हणाला. "कुणी काही सांगायचं नाही."

"हवापाण्याचं बोललं तर चालेल का रे?" मी विचारलं.

"खुशाल बोला."

इर्मानं पिकअप मागे घेतली. पिकअपच्या शेपटीला लोखंडी गोळा असतो आणि ट्रेलरच्या तोंडाला उपडी वाटी. गोळा वाटीखाली बरोबर आणणं हेच निम्मं काम. तिनं ते दुसऱ्या खेपेला साधलं, उतरली, गोळ्याकडे पाहिलं. मग तिचा हात जॅकवर गेला आणि तिथंच थांबला.

"ठोकळे लावलेस का?" ती पुटपुटली.

मी घसा साफ केला. "लावले नसते तर मागच्याच वर्षी तुझ्यापासून सुटका झाली असती!"

खुर्च्यांमधून खसखस पिकली. लायल माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी त्याच्या शिडीची वरची पायरी कापलीय.

इर्मानं वळूनही पाहिलं नाही. पण तिचे खांदे ताठ झाले. "सुटका हवीय होय? मग वाटी नीट बसव, नाहीतर मीच तुझ्यावरून घर नेईन!" जॅक फिरला, तोंड खाली आलं, वाटी गोळ्यावर बसली, खटका पडला.

"बसलीय! डोळे घरी ठेवून आलीस का?" हे वॉली, मागून.

"तुझ्यावर विश्वास ठेवून लग्न केलं, तेवढं बास झालं! खटक्यावर नाही ठेवणार. उचलून दाखव!" आणि तिनं जॅक उलटा फिरवला. वाटी गोळ्यावर नुसती टेकली असेल तर अशा वेळी ती सुटून वर येते. नीट अडकली असेल तर पिकअपची शेपूट तिच्याबरोबर उठते. शेपूट उठली.

लायल माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. "मर्ल, ती माझी आई आहे. तुम्हाला लाज वाटत नाही? बाबांना जाऊन तीन महिनेसुद्धा झाले नाहीत."

"मी कुठं काय सांगितलं?"

"तुम्ही तिचा अपमान करताय!"

"लायल!" इर्मा जॅकजवळून ओरडली. "तू मध्ये पडू नकोस. याला मी बघून घेते."

मग काय, आमचे हातपाय मोकळे झाले. डेलोरेस बसल्या जागेवरून किंचाळली, "आणखी किती वर? पाठ मोडली माझी!" आणि इर्मा म्हणाली, "तुझ्या आईच्या नाकाइतकं वर! तिला उंबऱ्यातून सगळं गाव दिसायचं!" शेपूट आणखी वर गेली, दांडे सैल आत बसले. वॉली म्हणाला, "साखळीची चौथी कडी, पाठ आहे मला." इर्मा म्हणाली, "तुझं चौथं कधी तिसरं असतं, कधी पाचवं! बोट लावून मोज!" आणि तिनं बोट लावून मोजली. पाइप आकड्यात घातला तेव्हा मी म्हणालो, "मी इथंच उभा राहतो, मला नीट दिसतं." ती ओरडली, "तुझं तोंड तसंही कुणाला आवडत नाही, पण मला अजून बघायचंय, हो बाजूला!" आणि ती स्वतः बाजूला झाली. आकडा खटकन वर बसला. दुसऱ्या बाजूचाही बसला.

"पिन खिशात आहे," वॉली म्हणाला.

"खिशात ठेवायला ते काय चॉकलेट आहे? घाल आकड्यात!"

"साखळ्या कशा टाकू?" मी.

"माझ्याकडे बघ की! मी तुझी वाट बघत कशी उभी असते? तशाच!" आणि तिनं क्षणभर छातीवर हातांची फुली केली आणि त्याच फुलीत सुरक्षेच्या दोन्ही साखळ्या वाटीखालून ओवल्या. हात आडवे बांधून ती आर्विडकडे कशी बघायची, ते मला लख्ख आठवलं आणि पुढचं वाक्य म्हणायचं मी विसरलोच. फर्ननं ते म्हणून टाकलं.

मग तिनं जॅकचा पाय पार वर घेतला, विजेचा प्लग लावला, पिकअपचे दिवे चालू करून मागे जाऊन पाहून आली. "भर दिवसा दिवे!" डेलोरेस कुरकुरली. "तू माझ्या आयुष्यात आलास तेव्हापासून अंधारच आहे!" इर्मा म्हणाली. टाळ्या पडल्या.

या सगळ्यात मी अधूनमधून लायलकडे बघत होतो. सासूच्या नाकाच्या वाक्यापर्यंत तो चिडलेला होता. कडीवर त्याचा चेहरा बदलला. तो एकेका खुर्चीकडे बघायला लागला, जणू कुणीतरी त्याच्या घरातली भांडी आणून आमच्या मांडीवर ठेवली होती. साखळ्यांवर त्यानं आमच्याकडे पाठ केली. आपल्या छातीवर बांधलेले हात त्यानं हळूच खाली सोडले.

इर्मा पिकअपमध्ये चढली. दार लावलं. आज काच खालीच होती. तिनं गाडी सुरू केली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसली.

आणि तशीच बसून राहिली.

ठोकळे चाकांखाली होते. आम्हा सगळ्यांना दिसत होते. ते पिवळे रंगवलेले, भाकरीएवढे दोन लाकडी ठोकळे मी जन्मात विसरणार नाही. ती तशीच निघाली असती तर ट्रेलरनं त्यांच्यावर उडी मारली असती, साखळ्या खणखणल्या असत्या आणि लाल पाटी लागली असती. तिला काहीतरी राहिलंय एवढं कळत होतं. काय राहिलंय ते कळत नव्हतं. ती वाट बघत होती, आणि आमच्यापैकी कुणाकडेही तिचं उत्तर नव्हतं.

डेलोरेसनं मला कोपरानं ढोसलं. वॉली कुजबुजला, "म्हण ना काहीतरी." मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "आज हवा बरी आहे." इर्मानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला माझीच चीड आली. आता ठोकळ्यांचं नाव काढणं म्हणजे सांगणं झालं असतं, आणि सांगितलं की खेळ संपला.

लायल ठोकळ्यांपासून हातभर अंतरावर उभा होता. त्या माणसाला असलं काही दिसलं नसेल हे शक्यच नाही. तो ठोकळ्यांकडे बघत होता. तो नुसता गप्प राहिला असता तरी जिंकला असता.

तो चालत निघाला. दांड्याला घासून गेला, पँटला नडगीवर काळ्या ग्रीसचा पट्टा उठला, त्याचंही त्याला भान नव्हतं. पिकअपला वळसा घालून त्यानं पलीकडचं दार उघडलं, आर्विडच्या जागेवर चढून बसला आणि दार ओढून घेतलं. लहानपणी तळ्यावर सुट्टीला जाताना हाच लायल मागच्या सीटवर बसायचा. काचेच्या आत, त्या दोघांचं बोलणं ऐकत.

"सगळं घेतलंस ना, इर्मा?" तो म्हणाला.

आईला त्यानं आयुष्यात कधी नावानं हाक मारली नसेल. इर्मा समोरच बघत राहिली. हे उत्तर ती इतकी वर्षं खेकसून देत आली होती. आज ती हळू बोलली, इतकी हळू की मला पुढे वाकावं लागलं.

"तुला इथंच सोडून चाललेय. बाकी सगळं घेतलंय."

पुढचं वाक्य आर्विडचं होतं, ते लायलला माहीत होतं, आणि ते त्याला म्हणवत नव्हतं. त्यानं एकदा मागच्या सीटवरच्या पाटीकडे पाहिलं. एकदा आईकडे.

"पुढचं म्हण की," इर्मा म्हणाली.

"मग..." लायल म्हणाला. "मग तुला परत यावं लागेल."

"येईनच की!" इर्मा कडाडली, चांगली दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जाईल अशी. "ऑक्टोबरात येईन! कुणाच्या बापाची भीती आहे? आधी ते ठोकळे काढ!"

लायल दाराच्या कडीला हात घालणार, तेवढ्यात तिनं त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. "तू बस. ते माझं काम आहे."

ती उतरली, दोन्ही ठोकळे काढले, एकमेकांवर आपटून माती झाडली आणि खिडकीतून लायलच्या मांडीवर टाकले. मग परत चढून तिनं गाडी वीतभर पुढे घेतली, ब्रेक दाबून पाहिला. ट्रेलर शहाण्यासारखा थांबला.

"लायल, नियम मोडलास रे!" मी ओरडलो. मला फार बरं वाटत होतं आणि मला बरं वाटलं की मी आगाऊ बोलतो.

"मी काही सांगितलं नाही," तो खिडकीतून म्हणाला. "भांडलो फक्त." आणि त्यानं लाल पाटी बाहेर फेकली. डेलोरेसनं ती लगेच उचलली. दुसऱ्या दिवशी तिच्या झाडाखाली ती उलटी लावलेली होती आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं होतं, 'पपनसं फुकट, पाइपानं पाडू नयेत'.

गाडी आमच्यासमोरून हळूहळू गेली. पिकअपची पाठ सपाट होती, ट्रेलर सपाट होता, काही म्हणजे काही वाकडं नव्हतं. आठवडाभर निंदा कशाची करायची हा प्रश्नच होता. फाटकापाशी इर्मानं डोकं बाहेर काढलं.

"मर्ल! आर्विड तुझ्यापेक्षा बरा भांडायचा!"

म्हणजे तिला पहिल्यापासून सगळं कळलं होतं. मी फर्नकडे पाहिलं, फर्ननं आकाशाकडे पाहिलं.

उत्तरेकडे जायचं तर फाटकातून उजवीकडे वळतात. तिनं डावीकडचा दिवा लावला आणि ती डावीकडे वळली, दफनभूमीच्या रस्त्याला, मागे सगळं घर घेऊन.

"तिथं ट्रेलर वळवायला जागा नाही," वॉली काळजीनं म्हणाला. "गल्ली संपते. सगळा उलटा मागे घ्यावा लागेल."

"मग मोठं भांडण होणार," फर्न म्हणाली.

"होऊ दे," मी म्हणालो. "लायल आहे ना बरोबर."